गेस्टरूममधला ताप

मी विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवते. त्या वर्षी माझ्याकडे मुलींच्या वसतिगृहाचं रेक्टरपदही होतं, त्यामुळे घर सोडून बहुतेक मुक्काम वसतिगृहातल्या खोलीतच. जानेवारीत मुली सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसून, कांदाभजी खाऊन आल्या आणि आठवड्याभरात निम्मं वसतिगृह खोकायला लागलं. फ्लू जत्रेतून आला की आणखी कुठून, देव जाणे. पण आला.

विद्यापीठाच्या डॉक्टरांनी सांगितलं, आजारी मुलींना वेगळं ठेवा, खिडक्या उघड्या ठेवा, मास्क लावा, हात धुवायला लावा. मी खालची गेस्टरूम रिकामी केली, सहा खाटा टाकल्या आणि दारावर कागद चिकटवला, ‘फक्त तापाच्या मुलींसाठी’. साथ आटोक्यात आणल्याच्या समाधानात मी त्या रात्री शांत झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारापुढे अकरा मुली उभ्या. सगळ्यांना ताप. सगळ्यांच्या हातात टॉवेल आणि साबण.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अख्ख्या वसतिगृहात चालू गीझर एकच होता, तो गेस्टरूमला. बाकीच्या मुली गारठ्यात बादली घेऊन बंबापुढे रांग लावायच्या.

मी बाजारातून नवा डिजिटल थर्मामीटर आणला आणि जाहीर केलं, की यापुढे मेसमध्ये सगळ्यांसमोर ताप मोजला जाईल. खरा असेल तरच गेस्टरूम. पहिलीच आली ती एमएस्सीची एक बडबडी मुलगी. थर्मामीटर तोंडात धरून ती चहाचा कप घेऊन जरा कोपऱ्यात वळली. परत आली तेव्हा त्यावर आकडाच नव्हता, नुसतं ‘एच’ हे इंग्रजी अक्षर.

“एच म्हणजे हेल्दी का ओ, मॅडम?”

“एच म्हणजे हाय. एवढा ताप असता तर मी आत्ता तुझ्या वडिलांना फोन करत असते.”

सगळी मेस हसली. ती स्वतःही हसली आणि बादली घेऊन बंबाकडे गेली. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं. पुढचे दोन दिवस एकही मुलगी तापाची तक्रार घेऊन आली नाही. मी डॉक्टरांना फोन करून सांगितलंसुद्धा, “साथ ओसरली.”

तिसऱ्या दिवशी दुपारी मेसच्या मावशी माझ्या खोलीत आल्या. मावशी करकंब गावच्या. मुलींच्या ताटावरून त्यांना सगळं कळायचं, कोणाचा पेपर अवघड गेला, कोणाचं घरी भांडण झालं.

“बाई, ती कोपऱ्यातल्या खोलीतली पोरगी दोन दिस झालं भाकरी तशीच टाकतीय. आज तर आलीच न्हाय. जरा बघा की.”

आम्ही दोघी गेलो. मुलगी दोन ब्लँकेटं घेऊन भिंतीकडे तोंड करून पडली होती. कपाळाला हात लावला तर चटका बसला. उजनी धरणाच्या काठावरच्या गावातली, पहिल्या वर्षाची, वर्गात कधी तोंडातून शब्द न काढणारी मुलगी.

“अगं, सांगितलं का नाहीस?”

“सगळ्यांसमोर मोजणार म्हणला होता ना, मॅडम,” ती म्हणाली. “कमी निघाला असता तर सगळ्या हसल्या असत्या.”

मी खाटेखालच्या तिच्या चपला पुढे ओढल्या. मावशी म्हणाल्या, “ऊठ बाळा, रिक्षा बोलावलीय.”

डॉक्टरांनी तपासलं. फ्लूच होता, पण छाती स्वच्छ होती. तापाची गोळी, भरपूर पाणी आणि विश्रांती, एवढंच लागेल म्हणाले. मात्र धाप लागली तर लगेच आणा. मावशींनी विचारलं, “सायेब, काढा देऊ का?” डॉक्टर म्हणाले, “त्यानं फ्लू जात नाही मावशी, पण घशाला बरं वाटेल. द्या थोडा.” मावशींना यातलं ‘द्या’ एवढंच ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी मुलीचे वडील मोटारसायकलला केळीचा अख्खा घड बांधून आले. मास्क नव्हता, म्हणून त्यांनी तोंडाला टॉवेल गुंडाळला आणि गेस्टरूमच्या खिडकीतूनच लेकीला बघितलं. मी चुकीची कबुली देणार, एवढ्यात तेच म्हणाले, “मॅडम, तुमी मनाला लावून घेऊ नका. ही दुखलं म्हणून कधी सांगतच न्हाय. लहानपणी पाय मोडला हुता, तर संध्याकाळी लंगडताना बघून आमाला कळलं.”

त्या संध्याकाळी मी मेसमध्ये उभी राहिले आणि मुलींची माफी मागितली. ताप यापुढे खोलीत येऊन मोजला जाईल, आणि वरच्या मजल्यावरचा बंद गीझर दुरुस्त होईल, असं सांगितलं. गीझर दोन दिवसांत सुरू झाला. खोलीत मोजणी म्हटल्यावर पुन्हा चढलेले खोटे ताप त्याच सकाळी उतरले. खऱ्या तापाच्या चौघी आपणहून गेस्टरूममध्ये आल्या.

सगळं मार्गी लागलं आणि माझं अंग मोडून यायला लागलं. तास बुडवायचा नाही म्हणून गोळी घेऊन, मास्क लावून मी वर्गात गेले. पानाचा छेद समजावताना फळ्यावरच्या पेशी हलायला लागल्या. मेसमधली तीच बडबडी मुलगी उठली, माझ्या हातातला खडू काढून घेतला आणि म्हणाली, “मॅडम, चला. आम्हाला तुम्हीच शिकवलंय, तापात वर्गात यायचं नाही.”

पाच दिवस मी गेस्टरूममध्ये काढले. मावशींनी सकाळ-संध्याकाळ इतका काढा पाजला की फ्लू गेला तरी काढ्याची चव मार्चपर्यंत टिकली. ताप उतरून पूर्ण दिवस गेल्यावर डॉक्टरांनी घरी सोडलं. रिक्षानं जुळे सोलापुरात घरी पोचले. नवऱ्यानं दार उघडलं, एकावर एक दोन मास्क लावून.

“आता मी बरी आहे,” मी म्हटलं.

“असशील,” तो म्हणाला, आणि माझ्यासाठी गॅलरीत खुर्ची टाकली.