साधी गाठ आहे, काकू

मेडिकल असिस्टंटचं सर्टिफिकेट मला एक टर्म उशिरा मिळालं. कुणी विचारलं तर इतकी वर्षं मी सांगत आले की मुलगी लहान होती, थंडी फार होती, बस चुकायच्या. मुलगी लहान होती हे खरं, थंडीही होती, पण कारण ते नव्हतं. खरं कारण आमच्या घरातही नीटसं कुणाला माहीत नाही. आता या वयात ते झाकून मला कुणाला काय दाखवायचंय?

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. आम्ही अमेरिकेत, ॲन आर्बरला होतो. नवरा युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये आणि मी घरात, कारण ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत मला काम करायची परवानगीच नव्हती. सांगलीला मी हायस्कूलमध्ये सायन्स शिकवत होते. माझ्या त्या बी.एस्सी.ला इथे कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. चार वर्षं घरात बसून बसून माझं डोकं इतकं तापट झालं होतं की नवरा लॅबमधून आल्यावर आधी माझा चेहरा पाहायचा आणि मगच बूट काढायचा. कार्ड आलं त्याच महिन्यात मी गावाबाहेरच्या कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं.

वर्गात आम्ही चौदा बायका. बहुतेकींचे नवरे मोटारींच्या कारखान्यातून कामावरून कमी झालेले, काही जणी स्वतःच कमी झालेल्या. साडीतली मी एकटी, तीही पहिल्याच दिवशी. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना पांढरा युनिफॉर्म. शिकवणाऱ्या बाई पूर्वी सैन्यात नर्स होत्या. उंच, केस अगदी बारीक कापलेले, आणि हसायचं म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. पहिले काही आठवडे त्यांनी आम्हाला नुसते हात धुवायला लावले असंच मला आठवतं. मग संत्र्यांना इंजेक्शनं, मग एकमेकींच्या हाताला सुई. माझ्या जोडीदारणीची शीर मला दोनदा सापडली नाही. ती बिचारी दुसरीकडे बघत म्हणाली, टोच गं, माझी तीन बाळंतपणं झालीत. तिसऱ्यांदा ट्यूबमध्ये रक्त चढलं तेव्हा मला रडू आलं. कित्येक वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातून काहीतरी नीट झालं होतं.

सुई जमली, ब्लड प्रेशर जमलं, ईसीजीच्या पट्ट्या चिकटवणं जमलं. एकाच गोष्टीवर बाई माझ्यावर सारख्या उखडायच्या. पेशंट जे बोलतो ते त्याच्याच शब्दांत कागदावर उतरवायचं असा नियम होता. मी पडले मास्तरीण. मुलं चुकीचं बोलली की सुधारून घ्यायची खोड हाडीमाशी खिळलेली. सरावातला पेशंट म्हणायचा पोटात काहीतरी सरकतंय, मी लिहायची अपचन. बाई लाल पेनाने खाली लिहायच्या, तुझं मत कुणी मागितलेलं नाही. मला त्यांचा अस्सा राग यायचा!

शेवटच्या टर्मला खऱ्या दवाखान्यात बिनपगारी काम करायचं होतं. ठरलेले तास भरले आणि तिथल्या डॉक्टरांनी चांगला शेरा दिला की सर्टिफिकेट. मला एका सर्जनचा दवाखाना मिळाला. डॉक्टर वयस्क, शांत, पेशंटशी बोलताना नेहमी खुर्ची ओढून समोर बसणारे. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. एक भारतीय बाई आल्या आहेत, इंग्रजी येत नाही, मुलगा बरोबर आहे पण तो नीट सांगत नाही, तू मधे बसशील का?

आत गेले तर आमच्या ओळखीतलाच मुलगा. इंजिनियर होता, आमच्याकडे दोन-तीनदा जेवायला आलेला, मला वहिनी म्हणायचा. आई त्याच्या बायकोच्या बाळंतपणासाठी भारतातून आलेली. सुनेला आठवा महिना. काकू विधवा होत्या, साठीच्या आत-बाहेर, चौथीपर्यंत शिकलेल्या. दवाखान्याचा कागदी गाऊन त्यांनी पदरासारखा खांद्यावरून ओढून घेतला होता. मला पाहिल्यावर त्यांचा चेहरा उजळला. आपलं माणूस आहे गं बाई, म्हणाल्या, आणि माझा हात धरला.

डॉक्टर खुर्ची ओढून बसले. त्यांनी सावकाश सांगितलं की तपासणीला पाठवलेल्या गाठीत कॅन्सर निघाला आहे. डावा स्तन पूर्ण काढावा लागेल, काखेतलाही थोडा भाग काढावा लागेल. दहा दिवसांनी ऑपरेशन करता येईल. लवकर सापडलंय, आशा चांगली आहे. मग ते माझ्याकडे पाहून थांबले.

मी तोंड उघडायच्या आत मुलगा खिडकीकडे बघत मराठीत भराभर बोलला, आईकडे न पाहता, जणू माझ्याशी दुसऱ्याच कशाबद्दल बोलतोय.

"वहिनी, प्लीज, तो शब्द नका काढू. साधी गाठ आहे म्हणा. बाकीचं नंतर बघू."

काकूंना ऐकायला थोडं कमी यायचं. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

मला विचार करावाच लागला नाही. ते वाक्य माझ्या जिभेवर तयारच होतं, कारण मी ते आधी एकदा बोलले होते. माझ्या वडिलांना आम्ही शेवटपर्यंत अल्सर आहे असंच सांगितलं. डॉक्टरांनी मोठ्या भावाला बाहेर व्हरांड्यात नेऊन काय ते सांगितलं, आणि आत येऊन सगळ्यांनी हसरे चेहरे केले. वडील माझ्याच हातचं ताक पीत आणि विचारत, अल्सरला इतके महिने लागतात का गं? आणि मी म्हणायची, लागतात. आमच्यात असंच करतात. आजाऱ्याला धीर द्यायचा, आजाराचं ओझं मुलांनी उचलायचं. हे खोटं असतं असं मला तोवर कधी वाटलंच नव्हतं.

"साधी गाठ आहे, काकू," मी म्हणाले. "वाढू नये म्हणून काढून टाकायची."

बस एवढंच. डॉक्टर दहा वाक्यं बोलले होते, मी दोन बोलले. काकू हसल्या. डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडली. त्यांना समजलंय ना नीट, त्यांनी मला विचारलं. मी हो म्हणाले. पूर्ण? मी पुन्हा हो म्हणाले. ऑपरेशनच्या संमतीचा कागद पुढे आला. काकूंनी मला विचारलं, इथेच ना? तू सांगतेस म्हणजे ठीकच असेल. आणि देवनागरीत, एकेक अक्षर काढत, त्यांनी सही केली. दवाखान्याच्या पद्धतीप्रमाणे खाली साक्षीदार लागत होता. बोलणं माझ्यामार्फत झालं होतं, म्हणून साक्षीदार मी.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, बरोबर केलंस, त्या वयात कशाला घाबरवायचं माणसाला. मलाही तेच ऐकायचं होतं. तरी भाकरी थापताना माझं लक्ष लागेना. कॅन्सर हा शब्द गाळला, ठीक. पण स्तन काढणार आहेत हेही मी गाळलं होतं. ते त्या मुलाने मला गाळायला सांगितलंसुद्धा नव्हतं. त्याच्यासमोर त्याच्या आईबद्दल ते बोलायची मला लाज वाटली होती. लाज! युनिफॉर्म घालून, बिल्ला लावून, लाज.

पाच-सहा दिवस मी मूग गिळून बसले. मग एका दुपारी काकूंचाच फोन आला. मुलाच्या डायरीतून नंबर शोधून त्यांनी स्वतः फिरवला होता, आणि त्याचं त्यांना फार अप्रूप वाटत होतं. त्यांना एवढंच विचारायचं होतं की टाके किती पडतील, दोन की तीन. सून आता कधीही बाळंत होईल. बाळाला न्हाऊमाखू घालायचं तर हात वर करता यायला हवा. टाके चार दिवसांत निघतात ना? मुलगा म्हणतो दुसऱ्या दिवशी घरी. एवढीशी तर गाठ आहे.

मी काय बोलले ते मला आठवत नाही. काहीतरी बोलले. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात तशीच खाली बसले. ही बाई चार दिवसांनी टेबलावर झोपणार, आणि उठल्यावर स्वतःच्या अंगाला हात लावून पाहणार. तिथे काय नाही हे तिला तेव्हा कळणार. आणि तिच्या सहीखाली माझी सही.

मुलाला आधी फोन केला. तो चिडला. म्हणाला, वहिनी, ती माझी आई आहे. ऐकलं तर ती ऑपरेशनला उभीच राहणार नाही, परत जायचं म्हणेल आणि तिकडे मरेल. मग? तो वाईट मुलगा नव्हता हो, तो माझ्या भावासारखाच होता. ऑपरेशन झाल्यावर सांगू ना काहीतरी, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ग भरायच्या आधी मी बाईंच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बोलताना आमच्यात असं असतं, आमच्यात तसं असतं, हे पण सांगितलं. त्यांनी मधे अडवलं नाही. संपल्यावर त्यांनी ऑपरेशन कधी आहे एवढंच विचारलं, आणि टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला. डॉक्टरांना मीच सांगायचं होतं. नंबर दोनदा चुकला. बाई हाताची घडी घालून शेजारी उभ्या राहिल्या. फोन झाल्यावर म्हणाल्या, तिथले तुझे तास धरता येणार नाहीत, पुढच्या टर्मला सगळं पहिल्यापासून. मी हो म्हणाले. त्या दिवशी मला त्यांचा राग आला नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी काकूंना आणि मुलाला पुन्हा बोलावलं. मराठी येणारं दुसरं कुणी इतक्या लवकर मिळण्यासारखं नव्हतं, आणि मला वाटतं, डॉक्टरांनाही ते माझ्याच तोंडून वदवून घ्यायचं होतं. त्यांनी मला बजावलं, मी एक वाक्य बोलेन, तू एक वाक्य बोल. मुलगा खिडकीपाशी उभा होता. काकू गेल्या वेळेसारख्याच माझ्याकडे बघून हसल्या.

"काकू, ती साधी गाठ नाही. कॅन्सर आहे." डॉक्टरांचं दुसरं वाक्य आलं. "नुसती गाठ नाही, डावा स्तन पूर्ण काढायचा आहे." मग माझं स्वतःचं, डॉक्टरांनी न सांगितलेलं. "हे त्यांनी त्या दिवशीच सांगितलं होतं. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

त्यांनी गाऊन गळ्यापर्यंत ओढून घेतला. माझ्याकडे नाही, मुलाकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. काकू रडल्या नाहीत.

"आणि मी शुद्धीवर आले असते तेव्हा?" त्यांनी विचारलं. "तेव्हा काय सांगणार होतात मला?"

मी ते डॉक्टरांना इंग्रजीत सांगितलं. तेही उत्तरासाठी आमच्याकडेच बघू लागले.

काकूंनी तीन-चार प्रश्न विचारले. काढल्यावर पुन्हा होईल का. न काढता किती दिवस. सुनेला या सगळ्याचा काही त्रास व्हायला नको, तर तिचं झाल्यावर केलं तर चालेल का. डॉक्टरांनी प्रत्येकाचं उत्तर दिलं, चांगलं तसं वाईटही, आणि मी एकेक वाक्य जसंच्या तसं पोचवलं. थांबू नका, असं त्यांचं म्हणणं होतं. काकूंनी मान हलवली. डॉक्टरांनी जुना कागद फाडून नवा आणवला. तो काकूंनी मला मराठीत वाचायला लावला, वरपासून खालपर्यंत, आणि मग सही केली. साक्षीदाराच्या जागी नर्सने केली.

मग त्यांनी माझा हात धरला नाही. डॉक्टरांकडे तोंड करून, पण मराठीतच, त्या शांतपणे बोलल्या.

"उद्यापासून बोलायला दुसरं कुणीतरी आणा. ही मुलगी नको. आवाज फार गोड आहे हिचा, म्हणून मी फसले."

काय म्हणतायत, डॉक्टरांनी विचारलं.

मुलगा पटकन म्हणाला की थँक यू म्हणतेय. मी नाही म्हणाले. त्या म्हणतायत की उद्यापासून दुसरं कुणीतरी हवं, मी नको. माझा आवाज गोड आहे, म्हणून त्या फसल्या. एकही शब्द न गाळता मी ते इंग्रजीत सांगितलं. मग काकूंकडे वळून मराठीत म्हटलं, तुमचं म्हणणं सांगितलं त्यांना, आणि बाहेर आले.