ह्यांची गिरिपुष्पं

आमचे हे खडकीच्या कारखान्यात होते. आठवड्यातून सुट्टी एकच, रविवारची, आणि तीही टेकडीला वाहिलेली. शनिवार पेठेतल्या घरातून पाण्याचे दोन कॅन स्कूटरला अडकवून उजाडायच्या आत निघायचे, मित्रमंडळींबरोबर लावलेल्या झाडांना पाणी घालायचे आणि दुपारी मातीने बरबटलेले कपडे मोरीत टाकून जेवायला बसायचे. मी करवादायची. "चला की एकदा बघायला," ते म्हणत. "हे कपडे मग कोण धुणार?" मी विचारायची. असं वर्षानुवर्षं चाललं.

ते गेले. वर्षश्राद्धाला जेवणावळ न घालता त्यांच्या ठेवीतली बरीचशी रक्कम मी एका संस्थेला दिली. ही संस्था त्याच टेकडीवर काम करते. पत्रकात देशी झाडं, पक्षी, फुलपाखरं असं बरंच काही होतं. मी वरच्या चार ओळी वाचल्या आणि सही केली. नातेवाईकांनी कौतुक केलं, मलाही फार बरं वाटलं.

या हिवाळ्यात संस्थेच्या बाईंचा फोन आला. तुमच्या देणगीतून काम सुरू होतंय, पाहायला या. वनस्पतिशास्त्र शिकवतात त्या, पन्नाशीच्या असतील. गुडघा धरत, दोनदा बसत मी कशीबशी वर पोचले. तिथे झाडंच झाडं होती, आणि बहुतेकांच्या बुंध्यावर चुन्याची फुली.

"ह्या खुणा कसल्या?"

"ही काढायची आहेत, काकू. गिरिपुष्प आहे हे, परदेशातलं. भराभर वाढतं, पण याच्याखाली इथलं गवत टिकत नाही. गवत नाही तर किडे नाहीत, मग पक्षी कशाला येतील?"

"लावली कोणी?"

"पूर्वी लोकांनी हौसेने लावली. टेकडी हिरवी दिसावी म्हणून. त्यांना तरी काय माहीत!"

"त्यांतले एक आमचे हे," मी म्हटलं आणि खाली दगडावर बसले.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तुम्हाला नको असेल तर देणगी परत करू आम्ही," त्या म्हणाल्या.

ते मला नको होतं. काय हवं होतं तेही कळेना. ह्यांनी घाम गाळून लावलेलं ह्यांच्याच पैशांनी तोडायचं, आणि तेही ह्यांच्या नावाने! बाई खोटं बोलत नव्हत्या, ह्यांचं काही चुकलं म्हणवत नव्हतं, आणि पत्रक न वाचणारी तर मीच. रागवावं कोणावर? हे असते तर म्हणाले असते, तोडा. की नसते म्हणाले? इतक्या वर्षांच्या संसारानंतर मला एवढंही सांगता येईना, याची फार लाज वाटली.

"असं करू," बाई जवळ येऊन म्हणाल्या, "त्यांच्या हातचं एखादं दाखवा. तेवढं ठेवू या. एकाने काही बिघडत नाही."

मी उठले. चार पावलं इकडे गेले, चार तिकडे. सगळी झाडं सारखीच दिसत होती. त्या टेकडीवर मी पहिल्यांदाच आले होते, हे बाईंना कुठे माहीत होतं! शेवटी हाताशी आलेल्या एका बुंध्यावर मी हात ठेवला.

"हे."

बाईंनी त्याला लाल फीत बांधली. त्यांचे डोळे भरून आले होते. "इतक्या वर्षांनी बरोबर ओळखलंत हो काकू," त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं.