चार बुध्यांची हजेरी

नैरोबीच्या माझ्या बाळांनो, तुमचे दहिवलीचे धाकटे आजोबा, म्हणजे माझे दीर नारायणभाऊजी, गेले त्याला सहा आठवडे झाले. तारेत तीनच शब्द होते, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. भाऊजींनी आयुष्यात काय मिळवले असे कोणी विचारले, तर मी त्यांची गिरणी सांगणार नाही, त्यांनी निस्तरलेली एक चूक सांगेन.

गिरणी भाताची. इंजिन आले, माणसे वाढली आणि कारखान्यांचा कायदा लागू झाला. इंग्रजी नोटिसा मी त्यांना वाचून दाखवी. कामगारांच्या नावांची वही ठेवा, असे त्यात होते. कारकुनाने ती ठेवलीही. पण कामाला माणसे येत डोंगरातल्या ठाकूरवाड्यांतून, आणि त्यांच्यात जन्मवारावरून नाव ठेवायची रीत. बुधवारी जन्मला तो बुध्या. कारकून नुसते 'बुध्या' लिहून मोकळा होई.

एकदा इंजिनाच्या पट्ट्याभोवतीचा लाकडी कठडा काढलेला सापडला. कोणाचा हात गेला असता! भाऊजी भडकले. कठडा बुध्याने काढला, एवढे कारकुनाला कळले होते. दुसऱ्या सकाळी जो बुध्या आधी दारात आला, त्याला भाऊजींनी काहीही न विचारता काढून टाकले. वर कर्जत, चौक, खोपोलीच्या गिरण्यांना निरोप धाडला, याला ठेवू नका. महिनाभर तो दारोदार फिरला... कोणी उभे केले नाही.

मग त्याची आई चांगी त्याला घेऊन गिरणीच्या अंगणात आली. मी तिथेच होते.

"माझा बुध्या त्या दिशी कामाव नवताच, शेट. रानात हुता माझ्यासंगं, हिरडं येचत. तुमी कंच्या बुध्याला घालवलंत?"

भाऊजींनी ओट्यावरून हाक मारली, "बुध्या!" गिरणीतून तीन 'ओ' आले आणि चौथा चांगीच्या पाठीमागून. भाऊजी हसायला गेले, पण हसू फुटेना. त्यांनी एकेकाला विचारले. तिसरा म्हणाला, "म्याच काढला. मोडला हुता, सुतार दुरुस्तीला नेनार हुता. कुनी इचारलंच नाय."

म्हणजे काढून टाकण्यासारखे कोणी काही केलेच नव्हते!

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी टांगा जोडला, चांगीच्या बुध्याला शेजारी बसवले आणि भर बाजारातून गिरणी-गिरणीला जाऊन सांगितले, "चूक माझी. हा माणूस चोख आहे." खोपोलीचे गिरणीवाले खवचटपणे म्हणाले, "नारायणराव, आज मजुराची माफी मागताय, उद्या बैल रजा मागतील."

"मागू देत. कोणता बैल, ते आधी विचारीन."

परतताना टांग्यात बुध्या ताठ बसला होता म्हणे, नवरदेवासारखा!

त्या संध्याकाळी वहीत मी नवे रकाने आखले. बापाचे नाव उपयोगाचे नव्हते, बापही सोम्या नाहीतर बुध्याच. म्हणून वाडी आणि आईचे नाव. आणि समोर उभे करून विचारल्याशिवाय कोणाला काढायचे नाही, हे भाऊजींनी पहिल्या पानावर स्वतः लिहिले. तपासणीला आलेल्या साहेबाने विचारले, "आईचे नाव कायद्यात कुठे आहे?" भाऊजी म्हणाले, "कायद्यात नाही, साहेब. दहिवलीत आहे."

परवा मी गिरणीत गेले होते. नवा कारकून हंगामाची माणसे घेत होता. एक जण पुढे आला आणि कारकुनाने तोंड उघडायच्या आत म्हणाला, "सोम्या. आई जानकी, वरची वाडी. नीट ल्ह्या, भाऊ, आमच्यात सोम्ये लई हायेत."

कारकुनाने मान डोलावली आणि आधी जानकी लिहिले.