स्कीच्या दुकानातला रत्नागिरीकर

दुबईच्या मॉलमधल्या त्या दुकानात तो विक्रेता गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचाच नाही, आधी पायांकडे बघायचा. नाव मी विचारलं नाही. रत्नागिरीचा आहे, एवढं बोलण्यावरून कळलं.

तेव्हा मी नुकती साठीची, म्हणजे अक्कल यायची होती. लेक-जावयाबरोबर जॉर्जियाला जायचं होतं, जंगलातल्या बर्फातून तीन तास चालत एका लाकडी घरापर्यंत. मॉलमधल्या कृत्रिम बर्फावर मी दोनदा पडून उठले होते, तेवढ्यावर मला स्कीच हव्या होत्या. आमच्या सिलिकॉन ओएसिस वसाहतीतल्या मैत्रिणींना फोटो पाठवायचा होता ना!

त्यानं मला दुकानात चालायला लावलं. मग बुटाखाली बांधायच्या रुंद चौकटी, म्हणजे स्नोशूज, पुढे ठेवल्या. "ह्यांनी पाय रुतत नाही, मावशी. उतारावर स्की थांबवता येतात तुम्हाला?"

"शिकेन की तिथं!"

"मावशी, तुम्हाला पोचायचंय की दिसायचंय?"

खलास! फुरंगटून स्नोशूज घेतले.

जंगलात झाडं दाट. जावई स्कीवरून चारदा पडले; मी बदकासारखी चालत त्यांच्या आधी पोचले. मग त्यांच्याच स्की हातात उभ्या धरून ऐटीत फोटो काढला. मैत्रिणी थक्क!

परतल्यावर दुकानात जाऊन तो फोटो त्यालाही दाखवला. माझ्या ऐटीकडे त्यानं पाहिलंच नाही. फोटोत पायांत दिसणाऱ्या स्नोशूजवर बोट ठेवून म्हणाला, "पोचलात म्हणायचं!"