यल्लव्वामावशीची भट्टी

भट्टी उकरायच्या आधी यल्लव्वामावशी उजवा तळहात जमिनीवर टेकवून बसायची. डोळे मिटलेले, गालात पान. समोर पत्रावळी मांडून बसलेले रेल्वेचे ड्रायव्हर, गार्ड, गँगमन, सगळे चिडीचूप. नवख्याला वाटावं, बाई आता मंत्रबिंत्र म्हणणार. ती म्हणायची, "दम धरा जरा. माती आजून कच्ची बोलायलीय." मग थोड्या वेळानं उठायची, पदर खोचायची आणि फावडं मागायची.

पूर्णा जंक्शनच्या फाटकापलीकडे, वडारवस्तीला लागून तिचं पत्र्याचं हॉटेल होतं. पाटी नव्हती, तिची गरजही नव्हती. नवरा दगडफोडीच्या कामावर असायचा. तो वारल्यावर त्याच्या खाणीतला काळा दगड आणून तिनं खड्डा बांधून घेतला, तीच भट्टी. कोंबडं आरवायच्या सुमाराला बाभळीच्या लाकडांनी दगड तापवायचे. अख्खं डुक्कर मीठ, हळद, लसूण, तिखट चोळून ओल्या गोणपाटात गुंडाळायचं, आत ठेवायचं, त्यावर पुन्हा तापले दगड आणि वर माती. दुपारची पॅसेंजर गेली की उकरायचं. तोवर मांस हाडाला नुसतं टेकलेलं उरायचं. त्या वासासाठी आज या वयातही माझा जीव तुटतो, यात लाजण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही.

पूर्वी मात्र वाटायचं. मी ताडकळसच्या शेतकरी घरातला, पूर्ण्याला तिकीट खिडकीवर बाबू. आमच्या घरी बोकड चालायचा, पण डुकराचं नाव काढलं तरी आई चूळ भरायची. सिकंदराबादकडचे राव गार्ड मला पहिल्यांदा तिथं घेऊन गेले. मी भिंतीकडे तोंड आणि रस्त्याकडे पाठ करून बसलो. मावशीनं ते पाहिलं आणि वाढता वाढता म्हणाली, "बाबू, पाठीला डोळे असतेत का? सगळं ध्यान मागंच हाय तुझं. जेव की." पंगत हसली. मीही हसलो, पण तोंड काही फिरवलं नाही.

तिचे नियम साधे होते आणि कडक होते. तुकडे करून रांधणं तिला मान्य नव्हतं. "आख्खं पुरायचं, आख्ख्या पंगतीनं खायचं," असं ती म्हणायची. डोकं, बरगडी, पाय असं सगळं एकत्र करून प्रत्येकाला सगळ्यातलं थोडं मिळे. चांगला तुकडा कुणाचा, हा प्रश्नच नाही. पंगत बसल्यावर जो येईल तो उद्या येईल, मग तो स्टेशनमास्तर का असेना. आणि बांधून मिळायचं नाही. विद्यापीठाच्या नामांतराच्या त्या वर्षांत गावागावांत माणसांची बोलणी तुटली होती, कोण कुणाबरोबर बसतो यावर नजरा होत्या. तेव्हा मी शहाणपणा करून एकदा डबा घेऊन गेलो. मावशीनं डबा उघडून पाहिला, झाकण लावलं आणि परत दिला. "जेवण हाय हे बाबू, चोरीचा माल न्हाई." महिनाभर मी तिकडे फिरकलो नाही. मग जिभेनं हात टेकले.

पुढं तिनं चुडाव्याला स्टेशनाजवळ दुसरी भट्टी काढली आणि थोरल्या लेकीला, लक्ष्मीला, तिथं बसवलं. लक्ष्मी उतावीळ. खाणीतले दगड यायला उशीर झाला म्हणून तिनं नदीतले गोल गोटे खड्ड्यात लावले. वडाराच्या लेकीनं दगडात चुकावं! तापल्यावर त्यातला एक असा फुटला की स्टेशनावरची माणसं दंगल झाली समजून पळाली. मावशी पुढच्या गाडीनं गेली. मला वाटलं, लेकीचं आता काही खरं नाही. पण मावशी नुसती म्हणाली, "नदीचा दगड वरून वाळल्याला दिसतो गं, पर पोटात पानी धरून असतो." आणि स्वतः बसून सगळे गोटे काढले.

विद्यापीठाला नाव मिळालं त्या उन्हाळ्यात ती माझ्या खिडकीशी आली. हातात तिकिटाचे पैसे नव्हते, म्हणजे काम दुसरंच होतं. ताडकळसला बाजाराच्या रस्त्यावर तिसरी भट्टी काढायची होती, धाकट्या लेकीसाठी. "आता नावाचं भांडण मिटलं बाबू. आता गाव एका पंगतीला बसंल. पर पहिलं कुनी बसायचं, त्यालाच समदे अडायलेत. तुझं गाव हाय. तू बसलास तर चारजन बसतेल." इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी म्हणालो, "येतो मावशी." आणि म्हणताना मला खरंच वाटलं होतं की मी जाईन.

बाजाराच्या दिवशी मी बसमधून उतरलो. समोर पंगत बसलेली होती. वडारवस्तीतली माणसं, भीमनगरातली पोरं, रजा काढून आलेले राव गार्ड. मधोमध एका पत्रावळीमागची जागा रिकामी. आणि अलीकडे, चहाच्या हॉटेलच्या बाकावर माझे थोरले चुलते बसलेले. माझ्या धाकट्या बहिणीची सोयरीक त्यांच्याच हातानं जुळत होती. त्यांनी हाक मारली, "ये, चहा घे." मी जाऊन बसलो. चहा संपला तरी उठलो नाही.

रस्त्यापलीकडे मावशी मातीवर हात ठेवून बसली होती. बराच वेळ तशीच. लेक दोनदा फावडं घेऊन आली, मावशीनं मानेनंच नको म्हटलं. राव गार्ड काही म्हणाले, त्यांनाही तिनं हातानंच थांबवलं. कुणासाठी कधी न थांबलेली बाई थांबली होती. शेवटी उकरलं तेव्हा आधी धूर आला, मग करपल्याचा वास. बाजारातली माणसं नाकाला पदर लावून हसत पुढे गेली. "हीच का ती नावाजल्याली भट्टी?" असं कुणीतरी मोठ्यानं म्हणालं. चुलतेही हसले. त्यानंतर ताडकळसची भट्टी दोन बाजारही चालली नाही.

आठवड्यानं मी पूर्ण्याच्या पंगतीला गेलो. मावशीनं नेहमीसारखं वाढलं. मला राहवेना. म्हणालो, "मावशी, थांबायचं कशाला होतं?"

"तू येतो म्हनलास की," ती म्हणाली. मग माझा चेहरा बघून तिनंच मला वाट करून दिली, "डूटी लागली आसंल."

मी मानेनंच हो म्हटलं. तिनं पत्रावळीत आणखी थोडं वाढलं आणि पुढच्या माणसाकडे सरकली.

पुढच्या थंडीत मावशी गेली. लेकी सासरच्या गावांना गेल्या, फाटकाजवळ आता पूल झाला आहे. मी निवृत्त झालो. आता कुठंही, कुणाच्याही शेजारी बसून काहीही खातो आणि कुणी मान वर करून बघत नाही. तरी घास तोंडात घोळतो, आणि मी मनातल्या मनात तिच्याशी बोलायला लागतो. मावशी, डूटी नव्हती गं. मी आलो होतो. रस्त्याच्या अलीकडेच बसलो होतो.