रोमन पुलावरून आईशी बोललो

आमच्या हॉटेलातले स्वयंपाकी चाचा नसते, तर आईच्या दहाव्याला मी भांडीच घासत बसलो असतो. ते लाहोरकडचे, मी राळेगावचा, नववीत शाळा सोडलेला. स्पेनमधल्या या शहरात माझे कागद अजून झाले नव्हते. घरी गेलो असतो तर परत येता आलं नसतं.

त्या सकाळी मालकाला विचारून चाचांनी मला जुन्या रोमन पुलावर नेलं. एका टोकाला मशीद, जिच्यात आता चर्च आहे. दुसऱ्या टोकाला बुरूज. खाली पाण्यात मोडकी पाणचक्की. रोज तिथून जायचो, पण थांबून कधी पाहिलं नव्हतं.

तिकडे गावी नदीवर धाकट्या भावाने पिंड ठेवला होता. फोनवर म्हणाला, “दादा, कावळा शिवून नाही राह्यला. तिचा जीव तुह्यातच अडकला असन. बोल काही.”

“आई, मी येतो लवकर,” मी म्हणालो. कावळा आला नाही.

चाचा हळूच म्हणाले, “माँ से झूठ मत बोल, बेटा.”

मग खरं सांगितलं. “आई, मले आता येता येत नाही. पण जेवतो मी. इथं एक चाचा हायेत, पोळ्या जाड करतात, पण पोटभर देतात.”

बराच वेळ फोनमधून नुसता वारा ऐकू येत होता. मग भाऊ म्हणाला, “शिवला.”

चाचांनाही त्यांच्या अम्मीच्या कबरीवर अजून जाता आलेलं नाही. हॉटेलात त्यांच्या जागी उभं राहायला कोणी नाही. मी त्यांचं काम शिकतो आहे. एक दिवस त्यांची शेगडी मी सांभाळीन आणि त्यांना घरी पाठवीन.