काकांच्या रेणूंची स्थळं

औषधाच्या रेणूला काका ‘मुलगा’ म्हणत. आजारातल्या प्रोटीनला एक खोबण असते. तिच्यात नीट बसणारा रेणू कॉम्प्युटरवर शोधायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. ते प्रोटीन म्हणजे अर्थातच ‘मुलगी’. लॅबमध्ये सगळे त्यांना काकाच म्हणत, अमेरिकनसुद्धा.

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. आई अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावातल्या इंडियन ग्रोसरीत काउंटरवर असते. जाड पोहे घ्यायला आलेल्या काकांना तिनेच विचारलं, “माझ्या मुलीला तुमच्याकडे काही शिकता येईल का?” पुढच्या सोमवारी मी त्यांच्या शेजारी बसले होते. खुर्ची मागेपुढे होते हे कळायलाच मला आठवडा लागला.

काका स्क्रीनवर एकेक रेणू फिरवून बघत. “हा दिसायला छान, पण पाण्यात विरघळत नाही. पोटात जाऊन नुसता बसून राहील, जावयासारखा.” दुसरा आला की, “हा नको. दिसेल त्या प्रोटीनच्या गळ्यात पडतो.” मी सगळं खाली मान घालून लिहून घेत असे. परीक्षेला काय येईल सांगता येत नाही.

निवडलेला रेणू प्रत्यक्ष तपासायचं काम खालच्या मजल्यावरच्या लिंडाचं. तिच्याकडे रेणू गेला की निकालाच्या दिवशी काका सगळ्यांसाठी कांदेपोहे आणत. पूर्वी फोडणी ऑफिसातच द्यायचे म्हणे. एकदा मोहरी तडतडली, फायर अलार्म वाजला आणि अख्खी बिल्डिंग पार्किंग लॉटमध्ये आली. काकांनी तिथेच कागदी प्लेटा वाटल्या. तेव्हापासून पोहे घरून डब्यात येत.

मी एकदा भीत भीत विचारलं, “काका, पोहे तर मुलीकडचे करतात ना?”

“लिंडाला येतात का करता? मग?”

निकाल कळेपर्यंत काका स्वतः घासही घेत नसत. लिंडा मात्र आधी पोटभर खायची, ओठ पुसायची आणि म्हणायची, “सॉरी काका. नकार.” एवढा एक मराठी शब्द तिला अगदी स्वच्छ येत असे. वर्षानुवर्षं तोच लागत होता.

काकांच्या रिटायरमेंटच्या दिवशी त्यांच्या शेवटच्या रेणूचा निकाल होता. सकाळपासून ते एकाच पेन्सिलीला पुन्हा पुन्हा टोक काढत होते. केक तसाच पडून होता. लिंडा आली, दोन प्लेटा खाल्ल्या, ओठ पुसले आणि प्लेट खाली ठेवली. मग इंग्रजीत म्हणाली, “काका, बसतोय तो. थोडासाच. अजून खूप टेस्ट कराव्या लागतील.”

काका हळूच खुर्चीत टेकले. “म्हणजे विचार करून कळवतो म्हणाले.” त्यांनी चष्मा पुसला. “इतकी वर्षं झाली, पण सरळ नकार आला नाही असं पहिल्यांदाच. दे गं मला पोहे.”

डबा रिकामा होता. तळाचे शेंगदाणे त्यांनी चमच्याने खरवडून खाल्ले, आणि इतक्या समाधानाने जेवलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

तो रेणू आता माझ्याकडे आहे. मी त्याला थोडा सुधारते, लिंडाकडे पाठवते. निकालाच्या दिवशी पोहे मी करून नेते. आई म्हणते, मीठ कमी पडतं. दर रविवारी काकांचा फोन येतो. माझी तब्येत, अभ्यास, काही नाही. पहिलं वाक्य ठरलेलं.

“काय गं, मुलीकडून काही कळलं?”